सायकलस्वार, खड्डे आणि कायदा

एकेकाळी महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत असत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा एक छोटासा बिल्ला देत असत. बिल्ला नसलेली अथवा अंधार पडल्यावर दिवा न लावलेली सायकल चौकात अडविली जाई आणि ‘डबल सीट’ जाणाऱ्यांना दंड होई. पुणे शहराची तर सायकलींचे शहर अशीच ख्याती होती. कालांतराने बिल्ले गेले, करही गेला. मात्र सायकल गेली नाही. पहाटे घरोघरी वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी, पाळी संपवून घरी परतणारा कामगार आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून शाळा गाठणारी विद्यार्थिनी यांचे आजही सायकलीवाचून चालत नाही.

रस्त्यावरील सर्व वाहनांत सायकल ही सर्वांत हलकी आणि म्हणूनच सर्वांत असुरक्षित होय. मोटारीला केवळ हादरा देणारा खड्डा सायकलस्वाराला डोक्यावर आपटू शकतो. जलवाहिनीसाठी खणून तसाच सोडलेला चर, झाकण नसलेले गटार, रस्त्यात सांडलेली खडी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक, वाहतुकीच्या दिशेला समांतर गज असलेली आणि सायकलचे चाक नेमके अडकेल अशी पावसाळी गटारावरची जाळी, हे सारे धोके सायकलस्वाराच्या नित्य परिचयाचे आहेत.

समजा, दुसरी पाळी संपवून एक कामगार रात्री सायकलवरून घरी निघाला आहे. आदल्या दिवशी रस्त्यात चर खणलेला आहे. त्याभोवती कठडा नाही, लाल दिवा नाही, सूचनेचा फलक नाही. पावसाच्या पाण्याने चर भरला असल्याने तो दिसतही नाही. कामगार त्यात कोसळतो, मनगटाचे हाड मोडते आणि दोन महिन्यांची मजुरी बुडते. घरी आल्यावर तो म्हणतो, “नशीब, थोडक्यात वाचलो.” शेजारीही तेच म्हणतात. तक्रार होत नाही, चर तसाच राहतो आणि आठवड्याने त्यात दुसरा कोणी पडतो.

कायदा मात्र अशा अपघाताकडे नशीब म्हणून पाहत नाही. ज्याच्यावर रस्ता सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य होते त्याने हयगय केली आणि त्या हयगयीमुळे दुखापत झाली, असे दाखविता आले तर जखमी व्यक्तीला भरपाई मागता येते. हे मार्ग कोणते आणि त्यांच्या मुदती कोणत्या, हे प्रत्येक नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

रस्ता कोणाचा?

सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न म्हणजे ज्या ठिकाणी अपघात झाला तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीतील बहुसंख्य रस्ते त्या त्या संस्थेकडे असतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा केंद्राच्या वतीने काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे असते. काही रस्ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने अथवा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधलेले असतात. शहरातून जाणारा रस्ता महापालिकेचाच असेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरू शकते, कारण वस्तीतून गेलेला राज्यमार्ग पुष्कळदा बांधकाम विभागाकडेच असतो.

दुसरा प्रश्न, धोका कोणी निर्माण केला? चर एखाद्या दूरध्वनी, वीज अथवा गॅस कंपनीने खणला असेल, तर ती कंपनी व तिचा ठेकेदार हेही जबाबदार धरले जाऊ शकतात. म्हणून दाव्यात अथवा अर्जात रस्त्याची मालक संस्था, खोदकाम करणारी संस्था आणि ठेकेदार या सर्वांचा उल्लेख करणे हिताचे ठरते. ही माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागविता येते आणि ती सामान्यतः ३० दिवसांत मिळणे अपेक्षित असते. रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, ठेकेदाराचे नाव, दोषदायित्व कालावधी किती आहे, खोदकामास परवानगी कोणी व कोणत्या अटींवर दिली, आणि त्या ठिकाणाबाबत यापूर्वी आलेल्या तक्रारींची नोंद, या पाच बाबी अर्जात अवश्य विचाराव्यात. त्यांतील शेवटची बाब विशेष महत्त्वाची होय. धोक्याची तक्रार आधीच आलेली असताना दुरुस्ती झाली नाही, हे सिद्ध झाले की हयगय सिद्ध करण्याचे निम्मे काम झालेच म्हणावयाचे.

कर्तव्य आणि हयगय

रस्त्याची दुरुस्ती न केल्याबद्दल सार्वजनिक संस्थेला भरपाई द्यावी लागावी काय, हा वाद जुना आहे. ज्या इंग्लिश कायद्यातून आपली अपकृत्यविषयक तत्त्वे आली, त्यात चुकीचे काम करणे आणि काम मुळीच न करणे यांत भेद केला जाई. रस्ता खणून उघडा टाकला तर संस्था जबाबदार ठरे. परंतु रस्ता केवळ झिजून खराब झाला आणि दुरुस्त केला नाही, तर ती सुटत असे. इंग्लंडनेच १९६१ च्या कायद्याने हा भेद रद्द केला.

भारतात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती या प्रकरणात दिलेला निर्णय या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. दिल्लीच्या चांदनी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे मृत्युमुखी पडली होती. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि ज्या प्रकारच्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते. दोष वरून दिसत नव्हता, हा महापालिकेचा बचाव न्यायालयाने अमान्य केला. रस्त्यालगतच्या आपल्या वास्तूची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य असून, असा मनोरा कोसळतो ही घटनाच हयगयीचे अनुमान काढण्यास पुरेशी आहे, असे न्यायालयाने मानले.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. राजकोट येथे १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेस जबाबदार धरण्यास नकार दिला. थोडक्यात, अपघात झाला म्हणजे भरपाई मिळालीच असे नाही. धोका संस्थेला माहीत होता किंवा योग्य देखरेख ठेवली असती तर माहीत झाला असता, तो दूर करणे अथवा निदान त्याची सूचना देणे शक्य होते, आणि तसे न केल्यामुळेच दुखापत झाली, हे तीन दुवे जोडून दाखवावे लागतात. उघडे गटार, दिवा नसलेला चर किंवा महिनोन्‌महिने न बुजविलेला खड्डा यांच्या बाबतीत हे दुवे जोडणे तुलनेने सोपे असते.

चांगला रस्ता हा हक्क

महाराष्ट्रापुरते पाहता, या विषयाला सर्वांत मोठी कलाटणी मुंबई उच्च न्यायालयाने दिली. मुंबईतील खड्ड्यांच्या दुरवस्थेविषयी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्यावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतील रस्ते व पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे उच्च न्यायालयाने या याचिकेत स्पष्ट केले. नागरिकांना खड्ड्यांची तक्रार सहजपणे करता यावी, तक्रारीसोबत छायाचित्र देता यावे आणि तिचे पुढे काय झाले हे कळावे, अशी यंत्रणा उभारण्याचे आदेशही २०१८ मध्ये देण्यात आले.

तरीही अपघात थांबले नाहीत. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने भरपाईची रक्कमच ठरवून दिली. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते २ लाख ५० हजार रुपये द्यावेत, असा हा आदेश आहे. दावे ठरविण्यासाठी समित्या नेमावयाच्या असून महानगरपालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तर नगरपरिषद क्षेत्रात मुख्याधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव यांचा त्यात समावेश आहे. अन्य रस्ते यंत्रणांसाठीही त्यांच्या प्रमुखांच्या सहभागाने अशाच समित्या अभिप्रेत आहेत. अपघाताची माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीची बैठक व्हावी, संबंधित पोलिस ठाण्याने ४८ तासांत समितीला अपघात कळवावा आणि दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम अदा व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. विलंब झाल्यास ९ टक्के दराने व्याज देय होते. ही रक्कम प्रथम संस्थेने द्यावयाची आणि नंतर जबाबदार अधिकारी वा ठेकेदार यांच्याकडून ती वसूल करावयाची आहे.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व दुहेरी आहे. एक म्हणजे, अपघातात मोटार वाहनाचा संबंध असावा अशी अट येथे नाही. एकटाच खड्ड्यात पडलेला सायकलस्वारही अर्ज करू शकतो. दुसरे म्हणजे, ही भरपाई अन्य कायद्यांखाली मिळू शकणाऱ्या भरपाईव्यतिरिक्त आहे. समितीकडे अर्ज केला म्हणून दिवाणी न्यायालयाचे दार बंद होत नाही. ज्याला वकील व खर्च परवडत नाही, अशा माणसाने म्हणूनच आपला पहिला अर्ज या समितीकडे करणे योग्य होय. अर्ज कोठे द्यावयाचा हे कळत नसेल तर तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावा. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

दिवाणी दावा आणि त्याच्या मुदती

दुखापत गंभीर असेल, कायमचे अपंगत्व आले असेल किंवा समितीच्या कमाल रकमेपेक्षा नुकसान कितीतरी मोठे असेल, तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेले वेतन, भविष्यातील कमाईत येणारी घट, सोसावी लागलेली वेदना, सायकलचे व सोबतच्या मालाचे नुकसान, या बाबी अशा दाव्यात मागता येतात. मृत्यू झाला असल्यास घातक अपघात अधिनियम, १८५५ अन्वये पती वा पत्नी, आईवडील व मुले यांच्या वतीने दावा करता येतो.

हा मार्ग भरवशाचा असला तरी यात एक खाचखळगा आहे आणि तो रस्त्यावरील खड्ड्यापेक्षा कमी धोक्याचा नाही. तो म्हणजे मुदतीचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार, महापालिकेवर तिने अधिनियमान्वये केलेल्या वा करावयाच्या कामाबद्दल दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि वादकारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ५२७ आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०४ हीदेखील याच स्वरूपाची आहेत. म्हणजे इस्पितळातून बाहेर पडून, प्लॅस्टर काढून, मन थाऱ्यावर येईपर्यंत यांपैकी बरीचशी मुदत निघून गेलेली असते. जखमी व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असल्यास तिच्या नातेवाइकांनी वकिलामार्फत नोटीस पाठविण्याची तजवीज करावी.

रस्ता राज्य शासनाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असते. ती शासनाच्या सचिवांकडे अथवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. नोटिशीत अपघाताचे ठिकाण, दिनांक व वेळ, रस्त्याचा दोष, दुखापतीचे स्वरूप, मागणीची रक्कम आणि दावेदाराचे नाव व पत्ता असणे आवश्यक आहे. अधिनियमान्वये करावयाचे काम न केल्याबद्दलच्या काही दाव्यांस एक वर्षाचीच मुदत लागू होते. “तीन वर्षे वेळ आहे” असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबून राहू नये.

न्यायालयीन शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या व्यक्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ अन्वये निर्धन व्यक्ती म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

मोटार वाहनाचा संबंध आल्यास

खड्डा चुकविण्यासाठी सायकलस्वार किंचित उजवीकडे वळला आणि मागून आलेल्या ट्रकने त्याला धडक दिली, असा प्रसंग वारंवार घडतो. अशा वेळी अपघात मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला असल्याने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात जेथे झाला, अर्जदार जेथे राहतो अथवा प्रतिवादी जेथे राहतो, त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणात हा अर्ज चालतो. २०१९ च्या सुधारणेने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, अशा अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच श्रेयस्कर होय.

वाहनचालकाचा दोष सिद्ध करणे अशक्य असेल तर कलम १६४ खाली, दोष कोणाचा हे न पाहता, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २ लाख ५० हजार रुपये मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देण्याची योजना २०२२ पासून आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यांवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार करण्याची योजना केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये लागू केली.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. सायकल ही या अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे मोटार वाहन नव्हे. सायकलस्वार कोणत्याही मोटार वाहनाचा संबंध न येता एकटाच खड्ड्यात पडला, तर न्यायाधिकरणाकडे त्याचा अर्ज चालत नाही. त्याचा मार्ग वर सांगितलेली समिती अथवा दिवाणी न्यायालय हाच होय. चुकीच्या दारी गेल्यामुळे मूळ मुदत निघून गेली, असे होऊ नये म्हणून हा भेद महत्त्वाचा आहे.

याच अधिनियमात २०१९ मध्ये कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम व देखभाल यांची विहित मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ठेकेदार, सल्लागार अथवा संबंधित प्राधिकरण यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड निधीत जमा होतो, जखमीच्या हाती पडत नाही. परंतु अशा प्रकरणात नोंदविला गेलेला निष्कर्ष भरपाईच्या दाव्याला बळकटी देतो.

पोलिस ठाणे आणि दंडाधिकारी

भरपाई आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि पोलिसांत नोंद झाली की पंचनामा होतो आणि पंचनामा हा पुढील प्रत्येक कार्यवाहीचा पाया ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ हे हयगयीने मृत्यू घडविण्याबाबत, कलम १२५ हे इतरांची सुरक्षितता धोक्यात आणून दुखापत करण्याबाबत आणि कलम २८५ हे सार्वजनिक मार्गावर धोका अथवा अडथळा निर्माण करण्याबाबत आहे. ठाण्यात तक्रार घेतली गेली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठविता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

अपघात अद्याप घडलेला नाही, परंतु घडण्याचा धोका उघड दिसत आहे, अशा वेळी काय करावे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. या कलमाचे सामर्थ्य १९८० सालच्या रतलाम नगरपरिषदेच्या खटल्यात दिसून आले. मध्य प्रदेशातील रतलामच्या एका वस्तीतील रहिवाशांनी उघडी गटारे व घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. नगरपरिषदेने पैसा नसल्याची सबब सांगितली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब स्पष्टपणे फेटाळली आणि कायद्याने सोपविलेले मूलभूत कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याच्या कारणावरून टाळता येणार नाही, असा दंडक घालून दिला. एखाद्या शाळेसमोरील उघड्या गटाराबाबत पालकांना एकत्र येऊन हा मार्ग आजही अनुसरता येईल.

कामावर जाताना घडलेला अपघात

वर उल्लेखिलेल्या कामगारास आणखी एक मार्ग खुला आहे व तो बहुधा दुर्लक्षिला जातो. राज्य कामगार विमा योजनेखालील कामगार घरातून कामावर जाताना अथवा कामावरून घरी परतताना जखमी झाला, तर त्या वेळेचा, ठिकाणाचा व परिस्थितीचा कामाशी संबंध असल्यास, तो अपघात नोकरीतील अपघात समजला जातो. ज्यांना ही योजना लागू नव्हती त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम होता. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना मरण पावला होता. त्याच्या कुटुंबीयांच्या बाजूने निकाल देताना, १९२३ च्या अधिनियमालाही हेच तत्त्व लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मान्य केले. या मार्गात रस्ता कोणाचा व हयगय कोणाची, हे सिद्ध करण्याची गरजच पडत नाही.

याखेरीज काही योजनांचा आधार घेता येतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता भरणाऱ्या १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. शेतकरी व त्याच्या कुटुंबातील व्यक्ती यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा अर्ज अपघातानंतर ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावा लागतो. शाळकरी मुलांच्या अपघातांसाठीही राज्यात सानुग्रह अनुदानाची योजना असून तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे करावी.

पुरावा पहिल्याच दिवशी

या सर्व मार्गांचे यश शेवटी पुराव्यावर अवलंबून असते आणि रस्त्याचा पुरावा फार अल्पजीवी असतो. अपघाताची वाच्यता झाली की पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी खड्डा बुजविला जातो, चराला कठडा लागतो, गटारावर झाकण येते. लोकांच्या दृष्टीने ते इष्टच असते, परंतु जखमी व्यक्तीचा पुरावा मात्र नाहीसा होतो. म्हणून नातेवाईक अथवा मित्र यांनी शक्य तो त्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात.

खड्ड्याची व आजूबाजूच्या परिसराची छायाचित्रे घ्यावीत. त्यांत एखादे दुकान, विजेचा खांब किंवा किलोमीटरचा दगड दिसला पाहिजे, म्हणजे ठिकाणाबद्दल वाद राहत नाही. खड्ड्यात मोजपट्टी अथवा सायकलचे चाक ठेवून खोली दाखवावी. अपघात रात्री घडला असेल तर रस्त्यावरचे दिवे बंद होते काय, हे त्याच वेळी टिपून ठेवावे. मदतीस धावून आलेल्या दोघातिघांची नावे व पत्ते लिहून घ्यावेत. इस्पितळात दाखल करताना, “सायकलवरून पडला” एवढेच न सांगता, “अमुक रस्त्यावरील उघड्या चरात सायकलसह पडला” असे सांगावे आणि केसपेपरवर तसेच लिहिले गेले आहे याची खात्री करावी. हे एक वाक्य पुढे न्यायालयात मोलाचे ठरते. औषधांच्या पावत्या, क्ष-किरण चित्रे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि मालकाकडील रजा व वेतनकपातीचा दाखला एकत्र ठेवावा. वाकलेली सायकल लगेच दुरुस्त करू नये, कारण तीदेखील पुरावाच आहे.

सायकलस्वाराची जबाबदारी

कायदा दोन्ही बाजू पाहतो. सायकलस्वार उलट्या दिशेने चालला होता, अंधारात त्याच्या सायकलला दिवा अथवा मागील बाजूस परावर्तक नव्हता, किंवा ठळकपणे लावलेला धोक्याचा फलक त्याने दुर्लक्षिला, असे दिसून आले तर तो त्याचा सहभागी निष्काळजीपणा समजून भरपाईची रक्कम त्या प्रमाणात कमी केली जाऊ शकते. दावा मात्र त्यामुळे समूळ नष्ट होत नाही. लहान मुलांकडून प्रौढांइतक्या सावधगिरीची अपेक्षा न्यायालये करीत नाहीत. डोक्यावर शिरस्त्राण, पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक, एवढी काळजी जीव वाचविते, आणि पुढे दावाही वाचविते.

विनामूल्य विधी सहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. या सहाय्यात न्यायालयीन शुल्क व कागदपत्रांचा खर्च यांचाही अंतर्भाव होतो. तालुका व जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज केला तरी पुरतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर प्राथमिक सल्लाही मिळतो.

भरपाईने मोडलेले मनगट पूर्ववत होत नाही, हे खरे. परंतु भरपाईचा प्रत्येक अर्ज हा दोन कामे करतो. जखमी व्यक्तीच्या घराला तो आधार देतो आणि ज्या यंत्रणेच्या हातून हयगय झाली तिच्या हिशेबात त्या हयगयीची किंमत नोंदवितो. रात्री घरी परतणाऱ्या त्या कामगाराने दुसऱ्या दिवशी “नशीब” म्हणून गप्प न बसता पोलिस ठाण्यात नोंद केली, केसपेपरवर चराचा उल्लेख करवून घेतला आणि समितीकडे एक साधा अर्ज दिला, तर त्याच्या हाती दोन महिन्यांच्या मजुरीपेक्षा अधिक काही पडेल. शिवाय तो चर वेळीच बुजेल आणि त्याच वाटेने पहाटे वृत्तपत्रे घेऊन निघणारा मुलगा सुखरूप पुढे जाईल.